हुशार पोरांचे सत्कार बंद करा



अंबरनाथ पश्चिमेला आमच्या वस्तीत परवा गुणगौरव समारंभ झाला. निळा मंडप, बाबासाहेबांचा फोटो, फोटोला हार, दोन मोठे स्पीकर. फ्लेक्सवर अकरा पोरांचे चेहरे आणि चेहऱ्याखाली टक्के. मंडळाची पोरं मला म्हणाली, कवी, तुझी एक कविता होऊन जाऊ दे, मग ट्रॉफ्या वाटू. मी स्टेजवर गेलो नाही. मागं पाण्याच्या टाकीजवळ, जिथं फ्लेक्सवर न आलेली पोरं उभी होती, तिथं जाऊन उभा राहिलो. एकाला विचारलं, 'कितवीला रे तू?' तो म्हणाला, 'माझं नाव नाय आलं.'

मी इयत्ता विचारली होती. त्यानं भलत्याच प्रश्नाचं उत्तर दिलं. त्याला दिवसभर तोच एक प्रश्न ऐकू येत होता.

मंडळाची पोरं चिडलीत. 'आपलीच पोरं वर चाललीत आणि तुझ्याच पोटात दुखतंय का?' असं तोंडावर म्हणाली. बरोबर विचारलं. दुखतंय. का दुखतंय ते कागदावर लिहितो, म्हणजे मधेच माईक कोणी काढून घेणार नाही.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, नंतर शिव्या द्यायच्या तर द्या. ही व्यवस्था आपल्या शाळेतलं एक हुशार पोर उचलते आणि त्या बदल्यात उरलेल्या चाळीस पोरांना न शिकवण्याचा परवाना घेते. आणि आपण ट्रॉफी देऊन त्या परवान्यावर सही करतो.

आधी माझंच पाप

मी गोदीत हमाल आहे. ठेकेदाराच्या टोळीत. मॅट्रिक पास, एकसष्ट टक्के. बाप एमआयडीसीतल्या केमिकलच्या धुरात झिजला, छातीनं अंथरुणाला खिळला, तिथं माझं शिक्षण संपलं. त्याचं रडगाणं इथं गायचं नाही. मला २००९ सालाबद्दल बोलायचंय. मी चौथीत होतो.

शाळा सरकारी, याच पट्ट्यातली. नाव लिहीत नाही, कारण हे पाप तिचं एकटीचं नाही. वर्गात सत्तेचाळीस पोरं आणि गुरुजी एक. दिवाळीची सुट्टी संपली आणि एक दिवस गुरुजींनी पाढे विचारले, फळ्यावर चार गणितं घातली, आणि बोट दाखवत गेले. तू. तू. मागचा तू. असे सहा जण उभे केले. आम्ही सहा म्हणजे 'स्कॉलरशिपची पोरं'. आम्हाला ऑफिसशेजारच्या खोलीत नेलं. तिथं पंखा होता. गाइडं होती. दुपारी गुरुजी स्वतःच्या डब्यातली चपाती मोडून आम्हाला द्यायचे. माणूस वाईट नव्हता. वरून साहेब विचारायचे, तुमच्या शाळेतून शिष्यवृत्तीला किती लागले? सत्तेचाळिसातले किती वाचायला शिकले, हे कोणी विचारत नव्हतं. जे विचारलं जातं तेच माणूस करतो.

आणि उरलेले एक्केचाळीस? त्यांना गुरुजी सांगून यायचे, 'गप बसून धडा वाचा. आवाज आला तर फोडून काढीन.' मॉनिटर फळ्यावर बोलणाऱ्यांची नावं लिहायचा. परीक्षा होईपर्यंत त्या वर्गाचा धडा म्हणजे फळ्यावरची नावं. चौथीचं अर्धं वर्ष त्या पोरांच्या आयुष्यातून असं कापून टाकलं.

माझा दोस्त त्या एक्केचाळिसात होता. आमच्या घरांची भिंत एकच. त्याला पाढे यायचे नाहीत. पण आकड्यावरच्या विजेची कुठली तार जिवंत आणि कुठली मेलेली हे त्याला नवव्या वर्षी कळायचं. वस्तीतले बंद पडलेले मिक्सर तो स्क्रूड्रायव्हरनं उघडायचा आणि चालू करून द्यायचा. गुरुजींच्या यादीत याचा रकाना नव्हता. सहावीतसुद्धा तो अक्षर लावून लावून वाचायचा. आठवीपर्यंत पुढं ढकलला, नववीत नापास झाला, सुटला. आज उल्हासनगरला कॅम्प पाचमध्ये जीन्सच्या कारखान्यात मशिनवर बसतो. नगावर पैसे. मोबाइलवर मोठा मेसेज आला की माझ्याकडं येतो, म्हणतो, 'वाच जरा, माझे डोळे चुरचुरतायत.' मी वाचून दाखवतो. डोळ्यांचं आम्ही दोघंही काही बोलत नाही.

आम्हा सहांचं काय झालं म्हणाल, तर शिष्यवृत्ती एकालाही लागली नाही. पण माझं वाचन पक्कं झालं. त्या खोलीत मला गाइडच्या मागची पानं वाचायची चटक लागली. ती चटक पुढं कवितेपर्यंत घेऊन गेली. म्हणजे भावांनो, तुम्ही आत्ता वाचताय ती अक्षरं एक्केचाळीस पोरांच्या तासांतून कापून मला दिलेली आहेत. मी चोरी केली नाही. पण चोरीचा माल माझ्याकडं आहे. तो परत कसा करायचा, एवढाच या लेखाचा प्रश्न आहे.

मुकादमाचं बोट

पहाटेची लोकल पकडतो, मस्जिदला उतरतो, यलो गेटकडं चालत जातो. काम कमी असलं की मुकादम बोट दाखवतो. तू. तू. मागचा तू. ज्याच्याकडं बोट गेलं नाही तो बिडी पेटवतो आणि परत फिरतो. पहिल्यांदा ते बोट पाहिलं तेव्हा मला नवीन वाटलं नाही. चौथीत पाहिलेलं होतं.

पण गोदी आणखी एक शिकवते, जे शाळेनं कधी शिकवलं नाही. स्लिंग खाली आली की टोळीनं एकत्र हात घालायचा असतो. एक पैलवान आणि सात मरतुकडे अशी टोळी असेल तर माल पैलवानाच्याच पायावर पडतो. एकट्याची ताकद जहाज रिकामं करीत नाही. आपल्या वस्तीचं जहाज शंभर वर्षं भरलेलं आहे, आणि आपण मुकादमासारखे एकेक पैलवान वेचत बसलोय.

ज्याला झाड दिसलं तो नापास

द्रोणाची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. आपण एकलव्याचा अंगठा लक्षात ठेवतो, ते बरोबरच. पण त्याच गुरूची दुसरी गोष्ट आपल्याला शाळेत एकाग्रतेचा धडा म्हणून शिकवली आणि आपण मान डोलावली. झाडावर पक्षी. गुरू एकेकाला विचारतो, काय दिसतं? कोणी म्हणतो झाड दिसतं, फांदी दिसते, तुम्ही दिसता, भाऊ दिसतात. बाजूला हो. अर्जुन म्हणतो, फक्त डोळा दिसतो. शाब्बास. शंभरावर पोरं एका दुपारी ढ ठरली, कारण त्यांना झाड दिसलं आणि शेजारी उभे असलेले भाऊ दिसले. या देशातली निवड चाचणी ही अशी सुरू झाली. ज्याला भाऊ दिसतो तो नापास.

आता पुराण सोडा, इतिहासावर या. १८३५ मध्ये मेकॉलेनं सांगितलं की वरच्या थोड्यांना शिकवा, मग ज्ञान खाली झिरपेल. पाझर सिद्धांत. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढं जोतीराव फुल्यांनी या पाझराला उघडं पाडलं. शेतकऱ्याच्या घामाचा पैसा वरच्यांच्या उच्च शिक्षणावर उधळता, आणि खाली थेंब येत नाही. प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, म्हणाले. हे आपण भाषणात सांगतो. पण त्याच निवेदनात जोतीरावांनी शिष्यवृत्तीबद्दल काय म्हटलंय ते आपण सांगत नाही. त्यांचं म्हणणं असं, की सरकारी शिष्यवृत्त्या ज्यांना आधीच शिक्षणाची गोडी लागली आहे अशा वर्गांनाच मिळतात. स्पर्धा लावून त्या वाटणं कागदावर न्यायाचं दिसतं, पण त्यानं बाकीच्यांत शिक्षण पसरत नाही. ज्यांच्यात शिक्षण पोचलंच नाही त्यांच्यासाठी काही शिष्यवृत्त्या ठेवा. दीडशे वर्षं होत आली. जोतीरावांच्या फोटोखाली आपण अजून स्पर्धेचेच निकाल वाचतोय.

बुद्धी मोजायची पट्टी

शिष्यवृत्ती परीक्षेत तीनशे गुण असतात. त्यातले शंभर बुद्धिमत्ता चाचणीचे. म्हणजे तिसरा हिस्सा. ही बुद्धिमत्ता कुठून आली ते पाहा.

१९०५ मध्ये पॅरिसला आल्फ्रेड बिने नावाच्या माणसानं ही चाचणी तयार केली. कशासाठी? वर्गात कोणतं पोर मागं पडतंय, कोणाला जास्तीची मदत लागेल, हे ओळखण्यासाठी. मदतीसाठी! पुढं चाचणी अमेरिकेत गेली आणि तिथल्या टर्मननं तिचं तोंड उलटं फिरवलं. मागं पडलेल्याला हात देण्याऐवजी पुढं असलेल्याला माळ घालायची. बुद्धी रक्तातून येते म्हणायचं आणि मोकळं व्हायचं. आपल्याकडं हे वेगळं शिकवायची गरज नव्हती. रक्ताचा सिद्धांत आपल्या भटांनी दोन हजार वर्षं आधीच लिहून ठेवला होता. आपल्या मुलखात डॉ. व्ही. व्ही. कामतांनी बिनेच्या चाचण्या मराठी आणि कानडी पोरांसाठी बेतल्या. पट्टी अशी घरात आली.

आणि पट्टी किती खरी? टर्मननं १९२१ पासून कॅलिफोर्नियातली हजारावर 'प्रतिभावान' पोरं वेचली. त्याच्या चाळणीतून दोन पोरं गळाली. विल्यम शॉकली आणि लुई अल्वारेझ. दोघांनाही पुढं नोबेल मिळालं, एकाला १९५६ मध्ये, दुसऱ्याला १९६८ मध्ये. पण गंमत इथं संपत नाही. हाच शॉकली पुढं बुद्ध्यांकाचे आकडे नाचवत काळी माणसं जन्मानंच कमी अकलेची असतात म्हणत फिरला. ज्या पट्टीनं त्याला नापास केलं तीच घेऊन तो दुसऱ्यांना मोजायला निघाला. मित्रांनो, हा शॉकली फक्त अमेरिकेत असतो असं समजू नका. आपल्या वस्तीतून कसाबसा वर गेलेला, आता बदलापूरला टू बीएचके घेतलेला आणि 'आपल्या लोकांना शिकायचंच नाही' म्हणणारा शॉकली तुमच्या ओळखीचा असेल.

न्यूयॉर्कच्या सरकारी शाळांत चार वर्षांच्या पोरांची चाचणी घेऊन 'गिफ्टेड' वर्ग भरायचे. शहराच्या शाळांत जास्त पोरं काळी आणि लॅटिनो. गिफ्टेड वर्गात जास्त पोरं गोरी आणि आशियाई. चार वर्षांच्या पोराच्या अंगात कसली बुद्धी मोजता? त्याच्या आईबापाच्या घरातली पुस्तकं मोजता. २०२१ मध्ये ती चाचणी बंद झाली. वर्ग ठेवायचे की नाही यावर तिथं अजून भांडण आहे. तिथं निदान भांडण तरी आहे!

माझ्या गाइडातला एक प्रश्न अजून आठवतो. फ्रीज आणि थंड, तर ओव्हन आणि काय? मी ओव्हन पाहिला नव्हता. फ्रीजही फक्त दुकानातला, थंड पाण्याच्या बाटल्यांचा. मी लिहिलं, ओव्हन आणि महाग. ओ लावला तरी मार्क नाही.

नवोदयचा हिशेब

कोठारी आयोगानं १९६६ मध्ये अहवाल दिला. त्यात समान शाळा मागितली होती. साहेबाचं पोर आणि हमालाचं पोर शेजारच्या एकाच शाळेत. ते कोणाला परवडणारं नव्हतं. महाराष्ट्रानं साठच्या दशकात विद्यानिकेतनं काढली, खेड्यातली हुशार पोरं वेचून वसतिगृहात ठेवायला. मग १९८६ चं राष्ट्रीय धोरण आलं आणि जिल्ह्याजिल्ह्यात नवोदय विद्यालय आलं. देशातल्या पहिल्या दोन नवोदयांतलं एक आपल्या अमरावतीचं. या शाळांना धोरणानं 'गतिनिर्धारक' म्हटलं. ही गती ठरवणार आणि बाकीच्या शाळा मागून धावणार. धावणार कशा? पायात काय घातलंय त्यांच्या?

नवोदयमध्ये राखीव जागा आहेत. मुलींसाठी तिसरा हिस्सा आहे. राहणं, जेवण, पुस्तकं फुकट आहेत. तिथं शिकून आपली कितीतरी पोरं उभी राहिली, हे नाकारणारा मी कोण? उलट मी म्हणतो, नवोदयनं सरकारचं बिंग फोडलं. हमालाच्या पोराला वेळेवर जेवण, पुस्तक, दिवा आणि वर्गाला मास्तर दिला तर ते शिकतं, हे सरकारला चांगलं माहीत आहे. त्यानं स्वतः करून पाहिलंय. मग ते औषध एका वर्षाला ऐंशी पोरांनाच का? ऐंशीला औषध आणि हजारोंना 'तुमची रोगप्रतिकारशक्ती कमी' म्हणून घरी पाठवायचं, याला दवाखाना म्हणतात का?

२००९ चा शिक्षण हक्क कायदा म्हणतो, शाळेत घेताना पोराची चाचणी घेऊ नका. नवोदय मात्र चाचणीवरच चालतं. दोन तास, ऐंशी प्रश्न, आणि त्यातले निम्मे मार्क पुन्हा मानसिक क्षमतेला.

आता आपल्या पट्ट्याचं बघा. जुन्या ठाणे जिल्ह्याचं नवोदय पालघर तालुक्यात. २०१४ मध्ये पालघर जिल्हा वेगळा झाला, नवोदय तिकडं राहिलं. डिसेंबर २०२४ मध्ये दिल्लीच्या मंत्रिमंडळानं देशात अठ्ठावीस नवी नवोदयं मंजूर केली. महाराष्ट्राच्या वाट्याला एकच, ते ठाण्याला. उद्या त्याचे फ्लेक्स लागतील. फ्लेक्स लावणाऱ्यांत आपलेही असतील. पण नियम वाचा. नवोदयच्या किमान पंचाहत्तर टक्के जागा ग्रामीण पोरांना. तिसरी, चौथी, पाचवी यांतला एक दिवस जरी शहरी हद्दीतल्या शाळेत काढला तरी पोर शहरी धरलं जातं. उल्हासनगर महापालिका. अंबरनाथ आणि बदलापूर नगरपालिका. म्हणजे वालधुनीच्या काठावर पत्र्याच्या खोलीत राहणारं पोर शहरी! गटाराशेजारी झोपतं ते पोर आणि बंगल्यात ट्यूशन घेणारं पोर एकाच उरलेल्या पंचवीस टक्क्यांत झटापट करणार. मी खेड्यातल्या पोरांच्या जागा मागत नाही, ती आपलीच भावंडं. मी एवढंच सांगतो, की चाळणी बदलली की हुशार पोरं बदलतात. मग हुशारी पोरात असते की चाळणीत?

शिष्यवृत्तीचंही तेच. चौथी-सातवीची परीक्षा २०१७ पासून पाचवी-आठवीला नेली. २०२५ मध्ये ती परत चौथी-सातवीकडं आणायचं ठरवलं. इयत्ता हलवतात, चाळणी तीच. पाचवीच्या शिष्यवृत्तीचे वर्षाला पाच हजार केले म्हणून टाळ्या. भागा पाच हजाराला तीनशे पासष्टनं. रोजचे चौदा रुपयेसुद्धा होत नाहीत. राष्ट्रीय प्रज्ञाशोध परीक्षा १९६३ पासून होती, ती २०२१ नंतर थांबवून ठेवली. आणि २०२० चं नवं धोरण पुन्हा 'विशेष प्रतिभा' असलेल्या पोरांबद्दल गोड बोलतं. बोला. आमच्या वर्गात मास्तर कधी येणार तेवढं सांगा.

'मग बाबासाहेब कोण होते?'

मंडळाच्या पोरांनी मला हाच दगड मारला. 'सयाजीरावांनी बाबासाहेबांना निवडलं नसतं तर? ते हुशार पोर निवडणंच होतं ना?'

होतं. पण नीट बघा. बाबासाहेब १९०७ मध्ये मॅट्रिक झाले. गुण साडेसातशेपैकी दोनशे ब्याऐंशी. चाळीस टक्केसुद्धा नाहीत. आपल्या मंडळाच्या फ्लेक्सवर हे पोर आलं असतं का? सांगा की! आज बाबासाहेब अंबरनाथला मॅट्रिक झाले असते तर पाण्याच्या टाकीजवळ उभे राहिले असते आणि म्हणाले असते, 'माझं नाव नाही आलं.'

त्यांना कुठल्या चाचणीनं शोधलं नाही. केळुसकर गुरुजींसारख्या माणसानं पोराच्या हातात पुस्तक दिलं आणि पुढं महाराजांपर्यंत नेलं. आणि कोलंबियाहून, लंडनहून ज्ञान आणल्यावर बाबासाहेबांनी काय केलं? हुशार महारांचं एक वेगळं विद्यालय काढलं? १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली. १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ कॉलेज, १९५० मध्ये औरंगाबादला कॉलेज. जो येईल त्याला घ्या. नोकरी करून शिकणाऱ्यासाठी सकाळी वर्ग भरवा. निवडलेल्या माणसानं निवडीचं दारच काढून टाकायचं असतं, हे त्यांनी करून दाखवलं. आपण त्यांच्या फोटोखाली दार बसवून त्याला कुलूप लावतोय.

घरातली चाळणी

हे सगळं मी लांबून बोलत नाही. माझी बहीण बदलापूरला असते, धुणीभांडी करते. तिची पोरगी चौथीत. शाळेनं तिला यंदा 'जादा वर्गा'साठी निवडलंय. तिचा भाऊ एक वर्षानं मोठा, त्याला कधी कोणी निवडलं नाही. मागच्या रविवारी गेलो. बहीण म्हणाली, 'दादा, हिचं बघ काहीतरी. गाइडं आण, फॉर्म बघ.' मी म्हटलं, 'आणि याचं?' ती पोराकडं न बघताच म्हणाली, 'तो असाच आहे रे. त्याला तुझ्यासारखा गोदीत नेशील पुढं.'

पोरगा तिथंच बसला होता. पायातली पट्टी तुटलेली चप्पल तारेनं शिवत होता. त्यानं मान वर केली नाही. माझ्या बहिणीचं पोरावर प्रेम नाही असं नाही. पण शाळेची यादी घरात आली होती. एका ताटात जेवणाऱ्या दोन पोरांत तिनं रेघ मारली होती. ज्या जातीव्यवस्थेनं गावात रेघ मारली, तीच आता आपल्या दहा बाय दहाच्या खोलीत, आपल्याच आईच्या तोंडून रेघ मारतेय.

भाचीसाठी मी गाइडं आणली. होय, आणली. फॉर्मही भरणार. तिची संधी माझ्या तत्त्वापायी घालवायचा मला अधिकार नाही. जो मिळतो तो घास सोडू नका असंच मी कुठल्याही आईला सांगेन. पण घास घेणं वेगळं आणि घास फेकणाऱ्याला दाता म्हणून हार घालणं वेगळं. गाइड आणलं तेव्हा ते मी दोघांच्या मधे ठेवलं. पोरगं बुजलं. भाची म्हणाली, 'मामा, याला नाही येत.' मी म्हटलं, 'म्हणून तर.' आता रविवारी दोघं एकत्र बसतात. तो आकृत्यांचे प्रश्न तिच्या आधी सोडवतो. वाक्य वाचताना अडखळतो, तेव्हा ती बोट ठेवते. हे मुकादमाचं बोट नाही. हे बोट अक्षराखाली असतं.

आता करायचं काय

नुसत्या शिव्या देऊन लेख संपवायची आपल्याकडं सवय आहे. मी चार कामं सांगतो. पटली तर करा, नाही पटली तर पुढच्या अंकात माझं कातडं सोला.

एक. वस्तीतल्या प्रत्येक सरकारी शाळेत जा आणि एकच प्रश्न विचारा: जादा वर्ग चालू असतो तेव्हा उरलेल्या पोरांना कोण शिकवतं? मास्तरवर ओरडू नका, तो एकटा आहे. त्याला निवडणुकीला जुंपतात, सर्वेक्षणाला जुंपतात. त्याच्या साहेबाला विचारा, पालिकेला विचारा. शिष्यवृत्तीला किती लागले याच्या शेजारी, पाचवीतल्या किती पोरांना धडा वाचता येतो, याचाही आकडा शाळेच्या दारावर लिहायला लावा. नाही लिहिला तर आपण लिहू. खडू आपल्याकडंही आहे.

दोन. आपल्या विहारातली, मंडळातली अभ्यासिका उघडी करा. आपणच तिथं दहावीला साठ टक्क्यांच्या वरच्यांना बसवतो आणि बाकीच्यांना हाकलतो. का? टेबलं कमी म्हणून? मग जमिनीवर बसवा. बिनेची चाचणी जशी होती तशी परत सुरू करा. ज्याला वाचता येत नाही तो पहिला आत येणार. सगळ्यात मागं असलेल्याला सगळ्यात जास्त वेळ.

तीन. ठाण्याचं नवोदय उभं राहू द्या, त्यासाठी भांडू. पण त्याच मोर्चात दुसरी मागणी घाला: नवोदयच्या पोराला जे मिळतं तेच अंबरनाथ-बदलापूरच्या प्रत्येक सरकारी शाळेतल्या पोराला. कोठारींची समान शाळा कपाटातून काढा, धूळ झटका.

चार. गुणगौरव समारंभ बंद करा. सत्कार करायचाच तर त्या पोरीचा करा जिनं आपल्या वर्गातल्या तिघांना वाचायला शिकवलं. मग तिचे टक्के काही का असेनात.

हे सोपं नाही, मला माहीत आहे. फ्लेक्सवर चेहरा आला की आई रडते. मीही त्या रडण्याला मान देतो. पण त्याच रात्री शेजारच्या खोलीत दुसरी आई पोराला म्हणते, 'बघ, शीक काहीतरी त्याच्याकडून.' आणि पोर पांघरुणात तोंड घालतं. एका मंडपातून आपण एक पोर वर पाठवतो आणि दहा पोरांना सांगतो की तुम्ही खालीच बरे. हे सांगायला मनू होता ना. आपली काय गरज?

उद्या पहाटे मी पुन्हा त्या बोटासमोर उभा असेन. तिथं माझा इलाज नाही, पोट आहे. पण आपल्या मंडपात, आपल्या विहारात, आपल्या घरात ते बोट कोणी उगारलं तर मी ते धरणार. मंडळाच्या पोरांनो, पुढच्या वर्षी मला बोलवा. कविता वाचीन. पण आधी टाकीजवळची पोरं पुढच्या सतरंजीवर आणून बसवा.

जय भीम.